लपवलेला रकाना

मुरूम,
१२ नोव्हेंबर २०२४

निकिता,

सुरुवातीलाच अडलो. सौभाग्यवती लिहिता येत नाही, श्रीमती लिहायला हात उचलत नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलंय. त्याचा वेगळा अर्थ काढू नकोस.

तुझा भाऊ राजशेखर परवा तामलवाडीहून आला होता. उंबऱ्याच्या आत आला नाही, पाणी दिलं ते घेतलं नाही. चिठ्ठी हातात ठेवली आणि गाडीला किक मारली. सोयरिकीची रीत मी त्याला शिकवायला नको, पण हे बरं दिसलं नाही.

चिठ्ठीत तू दोन गोष्टी मागितल्यास. एक, तुझी पुस्तकं. दुसरी, कृष्णराजनं जाण्याआधी काही लिहून ठेवलं होतं का, याचं उत्तर. तू लिहितेस, "कोर्टाचं काय व्हायचं ते होऊ दे. मी त्यांना सोडून गेले असं समजून ते गेले का, एवढंच मला कळायला पाहिजे."

दुसऱ्याचं आधी सांगतो. त्यानं काही लिहून ठेवलेलं नाही. पोलिसांनी घर बघितलं, मी बघितलं. असतं तर मीच पुढं केलं असतं. तू भांडून माहेरी निघून गेलीस, आठ दिवसांत तुझी काही खबर नाही, आणि नवव्या दिवशी सकाळी माझ्या मुलानं स्वतःचा जीव दिला. एवढं मी तक्रारीत लिहून दिलंय आणि त्यातला काना-मात्रा बदलणार नाही. तुला अटक झाली, नोकरीतून निलंबित केलं, याचं मला सुख वाटतं असं समजू नकोस. पण माझा एकुलता एक मुलगा गेला, हे तूही विसरू नकोस.

आता पुस्तकं. जामिनाच्या अटीमुळं तुला मुरूममध्ये पाऊल ठेवता येत नाही. तुझी कुठली आणि त्याची कुठली हे मला कळत नाही, कारण लग्नानंतर तुम्ही दोघांनी सगळी एकाच मांडणीवर कालवून टाकली. त्यात माझी चारशे. यादी झाल्याशिवाय एक पुस्तक हलणार नाही. कृष्णराजच्या लॅपटॉपवर पुस्तकांच्या नोंदी करायचं सॉफ्टवेअर आहे. त्यानंच सुरुवात केली होती, २१४ नोंदी करून ठेवल्यात. २१५ पासून मी पुढं चालवतो. झाली की मेलवर पाठवीन, तुझी असतील त्यांच्यावर खूण कर.

मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली अकरा मुख्याध्यापक म्हणून. दप्तर कसं ठेवावं हे मला कुणी सांगायची गरज नाही. वकीलसाहेबांनी तुझ्याशी पत्रव्यवहार करू नका म्हणून बजावलंय. तेव्हा हे पुस्तकांपुरतंच आहे.

रामहरी


मुरूम,
३० नोव्हेंबर २०२४

निकिता,

३९१ झाली. हे सॉफ्टवेअर म्हणजे डोक्याला ताप आहे. पुस्तकाच्या पाठीवरची काळ्या रेघांची पट्टी मोबाइलसमोर धरली की नाव आपोआप येतं म्हणतात. येतं, पण इंग्रजी पुस्तकाचं. मराठीला नुसते चौकोन चौकोन, नाहीतर भलतंच. द्राक्षछाटणीच्या पुस्तकाला त्यानं बाळंतिणीच्या आहाराचं ठरवलं. जुन्यांना तर पट्टीच नाही. मग बसतो एका बोटानं टाईप करत. नाव, लेखक, प्रकाशक, साल, कुणाचं, कपाट, शेरा. सात रकाने. त्यातला शेऱ्याचा रकाना कृष्णराजनं मागून वाढवलेला दिसतो. वाढवला आणि कोराच ठेवला.

'कुणाचं' या रकान्यात त्यानं माझ्या पुस्तकांना 'आबांचं' लिहिलंय, त्याच्या आईच्या आठ पोथ्यांना 'आईचं'. आणि तुमच्या दोघांच्या सगळ्यांना 'आमचं'. असं कसं चालेल? कोर्टात 'आमचं' चालत नाही. मी एकेक उघडून पहिल्या पानावरचं नाव बघतो आणि ज्याचं त्याला लावतो.

एक चूक झाली, ती कबूल करतो. तुमची डी.एड.ची पुस्तकं जोडीजोडीनं आहेत. यंत्र लाल अक्षरात विचारायला लागलं, हे पुस्तक आधीच आहे, एकत्र करू का? मी आपला होय म्हणत गेलो. सतरा नोंदी गडप! त्या परत ओढून काढायला दोन दिवस गेले. तुझी सासू दाराशी उभी राहून बघत होती. म्हणाली, "आवं, त्येनी एकत्र केल्यालं तुमी कशाला येगळं करताव?" मी म्हटलं, कमल, तू तुझं चुलीचं बघ. ती गेली नाही.

या घरातली शिस्त तुला ठाऊक आहे. पुस्तक वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर पाच ओळींचा शेरा लिहायचा, खाली तारीख घालायची. कृष्णराज आठ वर्षांचा होता तेव्हापासूनची पद्धत. शेरा लिहिल्याशिवाय दुसरं पुस्तक हाती नाही. मी लाल शाईनं तपासायचो, दहापैकी गुण द्यायचो. सहाच्या वर कधी दिले नाहीत, दिले की पोरं शेफारतात. तुमचं लग्न झालं तसं मी तपासणं सोडून दिलं. वाटलं, आता हाही लिहायचं सोडेल.

सोडलं नव्हतं. लग्नानंतरच्या पाच वर्षांतल्या प्रत्येक पुस्तकात शेरा आहे, आणि खाली हिरव्या शाईत गुण. दहापैकी नऊ. दहापैकी दहा. पक्ष्यांवरच्या पुस्तकाला दहापैकी बारा. ते हिरवं अक्षर तुझं, हे कळायला मला वेळ लागला नाही. दहापैकी बारा म्हणजे काय? हा काय पोरखेळ लावला होतात? मला लई राग आला. तसाच उठलो आणि मारुतीच्या पारापर्यंत चालत जाऊन आलो. पारावर कुणीतरी विचारलं, गुरुजी, बरं वाटत नाही का?

असो. मी ते सगळे शेरे रकान्यात उतरवून घेतोय. तुझे गुणसुद्धा. नोंद म्हणजे नोंद.

तुझी दुसरी चिठ्ठी वाचली. आठ दिवसांत तू एकोणचाळीस वेळा फोन लावलास आणि तो बंद होता, असं लिहितेस. बंद असेल. का बंद होता याचा खुलासा करायला मी बांधील नाही.

रामहरी


मुरूम,
२१ डिसेंबर २०२४

निकिता,

यादी पूर्ण झाली. एकूण ११४६. आज सकाळी तुझ्या मेलवर पाठवली. तुझ्या नावाची १८३ निघाली. कमी वाटली तर कळव.

यादीत सहा रकाने आहेत. शेऱ्याचा रकाना कामाचा नसल्यामुळं काढला आहे.

क्रमांक ७३३, सामान्य ज्ञानाचं जाड पुस्तक, वाळवी लागल्यामुळं देण्याजोगं नाही. ते तुझं नाहीच, भरतीच्या परीक्षेसाठी मीच त्याला आणून दिलं होतं. यादीत दिसेल म्हणून सांगून ठेवलं. इतरांना वाळवी नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या पत्रात दिलंय. आजही तेच आहे. पुन्हा विचारू नकोस.

यंदा थंडी जास्त आहे. पंधरा दिवस झाले, अन्न जात नाही. डॉक्टर म्हणतात, काही नाही, वयाचं आहे. कमल माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि निघून जाते.

नोंदी संपल्या, म्हणजे आता लॅपटॉप उघडायचं काही काम उरलं नाही. तरी सकाळी आंघोळ झाली की जाऊन बसतोच त्याच्यापुढं. यादी वर नेतो, खाली आणतो.

२४ जानेवारीला उमरग्याला तारीख आहे. साक्ष माझी आहे.

रामहरी


मुरूम,
९ जानेवारी २०२५

निकिता,

चिठ्ठी मिळाली. एकच ओळ. "आबा, लपवलेला रकाना उघडता येतो. ७३३ वाचलं."

माणूस आहे की गाढव मी! छत्तीस वर्षं दप्तर सांभाळलं, तपासणीला आलेल्या साहेबानं कधी एक चूक काढली नाही, आणि एवढ्याशा पेटीनं मला उघडं पाडलं. उजवं बटण दाबलं, 'हाइड' असं आलं, ते दाबलं, रकाना गेला. मला वाटलं, गेला! कागदावरचं खोडलं की खोडलं जातं, फाडलं की फाटतं. लपवलेलंही मेलबरोबर तामलवाडीला जातं हे मला कोण सांगणार?

खरं सांगतो, पहिल्यांदा तुझाच राग आला. दुसऱ्यानं झाकून ठेवलेलं उघडून बघायचं तुला काय नडलं होतं? राजशेखर दाराबाहेर उभा होता, त्याच्यासमोरच चिठ्ठी चुरगाळली. मग उचलून सरळ केली.

तू विचारशील, काढूनच का टाकलं नाही? 'डिलीट' त्याच्या लगत वरच होतं. बोट दोनदा तिथं नेलं. दाबवेना.

७३३ मी सात डिसेंबरला उघडलं. परीक्षेचं पुस्तक, त्यात शेरा कशाला असेल, म्हणून नुसतं नाव टिपून बाजूला ठेवणार होतो. सवयीनं शेवटचं पान बघितलं. तू वाचलंस ते जसंच्या तसं उतरवलेलं आहे. तरी इथं परत माझ्या हातानं लिहितो, म्हणजे मला पळवाट राहणार नाही.

"२० ऑगस्ट. पानं ६४०, वाचली ३१. आबांनी निकिताला माहेरी पाठवलं आणि ती भांडून गेली असं मला सांगितलं. आज आईनं खरं काय ते सांगितलं. मला आधीच कळायला पाहिजे होतं, पाच वर्षांत ती न सांगता दुकानापर्यंतसुद्धा गेलेली नाही. फोन आबांच्या कपाटात आहे. बत्तीस वर्षांचा मी, आणि स्वतःचा फोन मागायची हिंमत झाली नाही. आता तिला तोंड कसं दाखवू? निकिताची काही चूक नाही."

आता उरलेलं मी लिहितो.

भरतीची ही संधी शेवटचीच म्हणायची, पुढची भरती कधी निघेल याचा भरवसा नव्हता. खाजगी शाळेत नऊ वर्षं राबला, कायम झाला नाही. घरात सून कायम नोकरीवर आणि मुलगा तात्पुरता. पारावर बसलो की लोक मुद्दाम विचारायचे, कृष्णराजचं काय झालं गुरुजी? तुम्ही हजार पोरं मार्गाला लावली! मला ते सोसत नव्हतं. तुला आठवत असेल, मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालो, आठ-दहा दिवस माहेरी जा, तू असलीस की त्याचं अभ्यासात लक्ष लागत नाही. तू म्हणालीस, त्यांना सांगून जाते. मी म्हणालो, मी सांगतो की. माझ्यावर विश्वास ठेवून गेलीस.

तो शाळेतून आला. मी सांगितलं, गेली भांडून. तुझ्या नाकर्तेपणाला कंटाळली. वाटलं, ईर्षेला पेटेल आणि पुस्तक हातात घेईल. फोन मागितला, त्यानं दिला. शाळेत पोरांचे फोन काढून घ्यायचो तसा घेतला आणि कुलपात ठेवला. बत्तीस वर्षांचा होता तो, निकिता. मुकाट्यानं दिला त्यानं.

आणि अभ्यास केला का? नाही. आठ दिवस बसून तो ही यादी करत होता. आमचं, आमचं, आमचं. आठव्या दिवशी संध्याकाळी मी मागून जाऊन बघितलं, आणि जे बोललो ते तुला कुणीच सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "बायको टिकवता आली नाही, नोकरी पक्की करता आली नाही. आता लोकांच्या पुस्तकांना नंबर टाकत बस जन्मभर." त्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. लॅपटॉप मिटला. नंतर त्याची आई त्याच्याजवळ जाऊन बसली होती. तेव्हाच तिनं सांगितलं असणार. सकाळी तो घरात नव्हता.

पोलीस विचारायला लागले तेव्हा कुणाचं तरी नाव घेणं भाग होतं. मी तुझं घेतलं. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग मलाच खरं वाटायला लागलं. कमलकडूनही तेच वदवून घेतलं. ती जबाबावर अंगठा द्यायला निघाली होती, सही येत असून. मी म्हटलं, सही कर.

आता माझं ऐक. तुला जे हवं होतं ते मिळालं. तू सोडून गेलीस असं समजून तो गेला नाही. एवढंच कळायला पाहिजे असं तूच लिहिलं होतंस. वकीलसाहेब म्हणतात, साक्षीत 'नीट आठवत नाही' असं दोन-चारदा म्हणालं की केस आपोआप ढिली पडते. तू सुटशील, नोकरी परत मिळेल. पुस्तक मात्र मागू नकोस. मी सत्तरीला टेकलो. या गावात मी मान वर करून चाललो, ती खाली घालून चालायला मला जमणार नाही. ही विनवणी समज. आजपर्यंत सुनेपुढं हात जोडायची वेळ आली नव्हती, आज जोडतो.

रामहरी


मुरूम,
६ फेब्रुवारी २०२५

निकिता,

"आठवत नाही असं म्हणू नका. आठवतं ते सांगा." ही तुझी शेवटची चिठ्ठी. तिला उत्तर दिलं नाही, कारण काय उत्तर द्यावं ते ठरत नव्हतं.

कोर्टात तू हजर होतीस, तेव्हा काय झालं ते तुला नव्यानं सांगायला नको. पण तू मागं उभी होतीस, तुला माझी पाठ दिसत होती. जे दिसलं नाही ते लिहितो.

त्या दिवशी घरून निघालो तेव्हा ७३३ माझ्याजवळ नव्हतं. आठवत नाही असंच म्हणायचं ठरवून निघालो होतो. एसटीत बसलो, तर कमल मागून चढली. माझ्या मांडीवर पिशवी ठेवली. म्हणाली, "तुमचं पुस्तक ऱ्हायलं." पुस्तक मी गव्हाच्या कोठीत खाली दडवलं होतं. तिला कधी सापडलं, किती दिवस ठाऊक होतं, मी विचारलं नाही. उमरग्यापर्यंत ती शेजारी बसून होती. मी तीनदा पिशवी तिच्या मांडीवर सरकवली, तीनदा तिनं परत सरकवली.

तुझ्या वकिलांनी विचारलं, सून घरातून कशी गेली? आठवत नाही म्हणायला तोंड उघडलं. म्हणालो, "मी पाठवली." आमचे वकील ताडकन उठून उभे राहिले, ते तू बघितलंस. मग पिशवीतून पुस्तक काढलं. न्यायाधीशसाहेबांनी विचारलं, हे अक्षर ओळखता का? ओळखतो म्हणालो. न ओळखून कसं चालेल? पाटीवर त्याचा हात धरून मीच ते वळवलेलं आहे.

त्यांनी वाचायला सांगितलं. मी वाचलं. वर्गात वाचायचो तसं, सावकाश. तुझ्या नावाच्या ओळीपर्यंत वाचलं आणि पुस्तक मिटायला लागलो. शेजारचा कारकून वाकून बघत होता. म्हणाला, "गुरुजी, आणखी एक ओळ हाय की."

जसंच्या तसं उतरवलंय असं मागच्या पत्रात लिहिलं होतं, ते खोटं होतं. ती ओळ मी यादीत घातली नव्हती आणि पत्रातही लिहिली नव्हती. तू ती तिथंच पहिल्यांदा ऐकलीस. "आबा आता शेरे तपासत नाहीत, म्हणून खरं लिहिलं."

म्हणजे मी तपासत होतो तोवरचे सगळे शेरे, आठव्या वर्षापासूनचे, त्यानं मला आवडेल ते लिहिलेलं. आणि मी त्यांना पाच नि सहा गुण देत बसलो. घरी आल्यावर त्याची लहानपणची पुस्तकं काढून परत वाचली. एकाही शेऱ्यात त्याचं स्वतःचं असं काही नाही. तुझ्या हिरव्या शाईच्या वर मात्र आहे. पक्ष्यांच्या पुस्तकात लिहिलंय, "तळ्यावर निकिताबरोबर गेलो, एकही पक्षी ओळखता आला नाही, दोघं पोट धरून हसलो." मी याला शून्य दिलं असतं.

खोटी तक्रार दिली म्हणून माझ्यावर काय व्हायचं ते होईल. त्याची फिकीर नाही. वकीलसाहेबांनी वकीलपत्र सोडलं, फोन उचलत नाहीत. तू सुटशील असं सगळेच म्हणतात.

आता जे लिहितो ते कमल तुला सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो. कोर्टातून घरी आलो. सगळं कबूल करून आलेला माणूस मी, अंग हलकं व्हायला पाहिजे होतं. झालं नाही. ती भाकरी थापत होती. मी दारात उभं राहून म्हणालो, "तू त्या संध्याकाळी त्याला सांगितलं नसतंस, तर तो जगला असता." म्हणालो मी हे. तव्यावरची भाकरी जळाली, धूर झाला, तरी तिनं ती उलटली नाही. मग म्हणाली, "व्हय, म्याच सांगितलं. आठ दिस गप बसले, त्येचं पाप हाय माज्यावर. सांगितल्याचं न्हाय."

रविवारी राजशेखर टेंपो घेऊन आला. या वेळी आत आला, पाणीही प्याला. तुझी १८३ आणि कृष्णराजनं 'आमचं' म्हणून लिहिलेली सगळी मी आधीच खोक्यांत भरून ठेवली होती. मी जी वेगळी केली होती ती परत एकत्र केली आहेत. ७३३ कोर्टात जमा आहे, त्याचं यादीत तसं लिहिलंय. शेवटचं खोकं चढलं, आणि कमल आतून गाठोडं घेऊन आली. राजशेखरच्या शेजारी पुढं बसली. मी विचारलं, कुठं? म्हणाली, "पोरीकडं." कधी येणार? तर ती समोर रस्त्याकडं बघत राहिली. राजशेखरनं माझ्याकडं बघितलं. मी बाजूला झालो, मग त्यानं गाडी सुरू केली.

तिला परत पाठव असं मी लिहीत नाही. तिचा उजवा गुडघा दुखतो, खाली बसून काही करू देऊ नकोस. ती दुखतंय असं सांगणार नाही.

आणखी एक सांगायचं होतं, ते कसं सांगावं कळत नाही. मला वाटलं होतं, कोर्टात सांगितल्यावर गावात तुझं नाव निघेल ते नीट निघेल. लोक माझ्या तोंडावर थुंकतील, थुंकू देत, पण तुझ्यावरचा डाग जाईल. सोमवारी पारावर गेलो. मला बघून लोक उठून उभे राहिले. एक जण म्हणाला, "गुरुजी, काळीज पाहिजे! पोरगा गेला तरी सुनेला वाचवायला सगळं आपल्या अंगावर घेतलं." मी म्हटलं, अरे, घेतलं नाही, ते माझंच आहे, पोरानं स्वतः लिहून ठेवलंय. तर म्हणाला, "अक्षर तुमच्यासारखंच हाय म्हणं. आमाला काय कळत न्हाय व्हय?" बाकीच्यांनी माना हलवल्या. कमल मला सोडून गेली असं सांगितलं, तर म्हणाले, सुनेला एकटं वाटू नये म्हणून तुम्हीच धाडलं असणार.

मी ओरडलो त्यांच्यावर. शपथ घेतली मुलाची. माझ्या सुनेची काही चूक नव्हती, मी खोटं बोललो, असं चारचौघांत मोठ्यानं सांगितलं. रोज जाऊन सांगतोय. ते ऐकून घेतात, माझ्या पाठीवर हात ठेवतात आणि माझ्यासाठी चहा सांगतात.

रामहरी